जुना ड्रम सेट पाहायला चालले? आधी लग खोला, मंग भावाचं बोला

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, भाऊबीज झाली की गावोगावी मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते अन् मंडईसोबत रात्रभराची नाटकं सुरू होतात, ती पार होळीच्या आसपासपर्यंत चालतात. वडसा, म्हणजे कागदोपत्री देसाईगंज, हे त्याचं मोठं ठिकाण. मी त्याच लाईनमधला, स्टेजच्या बाजूला बसून वाजवणारा. आधी ड्रम वाजवायचो, मग ऑक्टोपॅड, म्हणजे काठीनं वाजवायचा इलेक्ट्रॉनिक डबा, आला. रोलंडचा पहिला ऑक्टोपॅड निघाला १९८५ ला, आमच्याकडे पोचायला त्याला बराच वेळ लागला, पण पोचला तसा नाटकवाल्यांनी, ऑर्केस्ट्रावाल्यांनी, भीमगीतांच्या पार्ट्यांनी आपापले ड्रम सेट काढून ठेवले. त्यांचं बरोबरच होतं म्हणा, टेम्पोभर लोखंड उचलण्यापेक्षा एक डबा अन् एक स्टँड कोणाला नको? पण त्याच्यामुळं झालं काय की चांगले चांगले सेट कोणाच्या सपरीत, कोणाच्या तणसीच्या ढिगामागं, कोणाच्या धानाच्या पोत्याखाली पडून राहिले, अन् आता पोट्ट्यांना विंटेज विंटेज म्हणून त्याचं वेड लागलं. महिन्यातून एखादा तरी फोन येतोच, "दादा, एका जागी जुना सेट आहे, लुडविग म्हणते, घेऊ काय?"

तर बापा, फोनवर मी काही सांगू शकत नाही. पाहायचं कसं ते लिहून ठेवतो, प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा हे बरं.

पहिली गोष्ट, सेट म्हणून पाहूच नका. आपल्या भागातला जुना सेट हा बहुतेक वेळा सेट नसतोच. बास ड्रम एका पार्टीचा, टॉम (छोटे ड्रम) दुसरी पार्टी बंद पडली तेव्हा उचललेले, साईड ड्रम (स्नेअर) कोण्या बँडवाल्याकडून, अन् सगळ्यांवर एकच सनमायका मारून एकसारखं केलेलं. त्यात वाईट काही नाही, लोकांना सीझन काढायचा होता, म्युझियम नव्हतं लावायचं. पण विकणारा भाव सांगतो तो अख्ख्या सेटचा, अन् तोही त्यातल्या सगळ्यात भारी नावाचा. म्हणून एकेक ड्रम वेगळा काढून, वेगळा खोलून, त्याची वेगळी किंमत मनात धरायची अन् मग बेरीज करायची.

सोबत काय न्यायचं? ड्रम की, म्हणजे पान ताणायची चावी, दोन (एक हरवतेच), मोबाईल सोडून एक बारीक टॉर्च, टेप, जुन्या स्पीकरमधला लोहचुंबक, एक पोस्टकार्ड किंवा लग्नपत्रिका, स्क्रू ड्रायव्हर, अन् एक नवीन १४ इंची पान. पान म्हणजे हेड, ढोलाला म्हणतो तसंच. रिंग म्हणजे पान दाबून धरणारं कडं, रॉड म्हणजे ते ताणायचा लांब स्क्रू, लग म्हणजे ड्रमच्या अंगावरचा धातूचा तुकडा ज्यात तो रॉड शिरते, अन् शेल म्हणजे ड्रमचं रिकामं अंग. हे नवीन पान नेणं लोकांना फालतू वाटते, पण ते कशाला लागते ते पुढं सांगतो. अन् दिवसा जा. संध्याकाळी झिरोच्या बल्बखाली सगळेच ड्रम चमकतात.

बॅजचं आधी बोलून टाकतो, कारण सगळे तिथंच फसतात, मीही फसलो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका शहरातल्या दुकानातून मी अकरा हजाराला "साठच्या दशकातला लुडविग" आणला होता. पुढं छान बॅज, आतून ताजा काळा रंग मारलेला. मला वाटलं किती निगा राखली माणसानं. घरी आणून रंग खरवडला तं खाली एम-सीलनं बुजवलेली अकरा भोकं निघाली, म्हणजे हजाराला एक भोक पडलं. अन् बॅज? दोन बारीक खिळे मारून बसवलेला. लुडविगच्या त्या काळातल्या ड्रमवर बॅज खिळ्यानं नसतो, हवा जायचं जे भोक असते ना शेलला, त्याच्यात बसवलेल्या गोल पितळी कड्यानंच तो धरलेला असतो. त्या दिवसापासून आतून ताजा रंग दिसला की मी समजतो काहीतरी झाकलं आहे, अन् तोंडावर विचारतो.

तरी बॅजवरून साधारण काळ लागतो, म्हणून थोडं माहीत असावं. लुडविग ही शिकागोची कंपनी, १९०९ ची. साठच्या दशकात तिचा बॅज कमानीच्या वरच्या दगडासारखा, वर रुंद खाली अरुंद, त्याला कीस्टोन म्हणतात. १९६३ च्या शेवटाकडं त्याच्यावर सीरियल नंबर यायला लागले. सत्तरच्या दशकात निळ्या-ऑलिव्ह रंगाचा टोकदार कोपऱ्यांचा बॅज, नंतर कोपरे गोल झाले. बॅजवर मनरो लिहिलं असेल तं माल १९८४ नंतरचा, कारण तेव्हा कारखाना शिकागोहून मनरो ह्या गावी गेला. अन् कीस्टोन दिसला म्हणून उडी मारू नका, कंपनीनं जुन्या डिझाईनचे नवीन ड्रम काढताना तोच बॅज परत लावला आहे. सीरियल नंबरवरून वर्ष सांगणारे लय हुशार लोक भेटतात, पण कारखान्यात बॅज पेटीतून हाताला येईल तसे लावले जायचे, त्यामुळं एकाच सेटमधल्या दोन ड्रमचे नंबर फार दूर असू शकतात. त्यापेक्षा आत लाल शाईचा तारखेचा शिक्का आहे का ते पाहा, साठच्या दशकातल्या बऱ्याच लुडविगमध्ये असतो. तो खरा कामाचा.

ग्रेच अन् स्लिंगरलँड ह्याही अमेरिकन कंपन्या. ग्रेचचा गोल बॅज म्हणजे साधारण १९७१ च्या आधीचा, त्यानंतर आठ कोनी. अन् ग्रेच आतून चंदेरी रंगाचे असतात. स्लिंगरलँडवर नाइल्स (शिकागोजवळचं गाव) लिहिलं असेल तं १९६० नंतरचा, नुसतं शिकागो असेल तं आधीचा. रॉजर्सही आहे, पण मी आपल्या भागात अजून एकही पाहिला नाही, म्हणून सोडतो.

आपल्याकडं जास्त सापडतात ते तीन प्रकार. एक जपानी, दुसरा इंग्लंडचा प्रीमियर, तिसरा आपला मेरठचा. जालीकोठीचा, म्हणजे तिथल्या वाद्यांच्या बाजाराचा, माल बँडवाल्यांना सांगायला नको, बँडचा बाजा म्हटला की मेरठ. मी जे जुने देशी सेट पाहिले त्यांचे स्क्रू एकासारखा एक नसतात, रिंगा वेल्डिंगच्या, लग जड. वाजवायला वाईट नाहीत, पण विंटेजच्या भावात घ्यायचे नाहीत.

जपानी मालाचं लोकांना नीट माहीत नाही म्हणून जरा थांबून सांगतो. साठच्या दशकात जपानच्या कारखान्यांमधून एकच ड्रम पन्नास नावांनी बाहेर जायचा, ज्या व्यापाऱ्यानं मागवला त्याच्या नावाचा बॅज. म्हणून बॅजवरचं नाव कुठंच ऐकलेलं नसेल तं घाबरू नका अन् हुरळूही नका. आतून पाहा. लालसर भुरकट, रेषा रेषा असलेलं हलकं लाकूड, तीन थरांचं प्लाय, वरखाली लाकडाची पट्टी गोल फिरवलेली, असं दिसलं की तो ल्युआन. त्याला फिलिपाईन महोगनी असं मोठं नाव आहे पण खऱ्या महोगनीशी त्याचं नातं मामाच्या मामेभावाइतकं. लग पातळ, स्टँड तकलादू. आवाज मात्र गोड, बुटका, जुन्या रेकॉर्डसारखा. स्वस्त मिळाला तं जरूर घ्या, पण तो स्वस्तच असला पाहिजे. यामाहानं ड्रम सुरू केले १९६७ ला, टामा हे नाव आलं १९७४ ला, त्यामुळं "साठ सालचा टामा" कोणी दाखवला तं चहा प्या अन् निघा. सत्तरच्या शेवटचे अन् ऐंशीचे यामाहा, टामा, पर्ल हे मात्र मजबूत, त्यांना लोक विंटेज म्हणत नाहीत तोवर उचलून घ्यावे असं माझं मत.

प्रीमियर. कंपनी १९२२ ची, आधी लंडन, १९४० च्या बाँबहल्ल्यानंतर लेस्टरला गेली. क्रोम असं की साठ वर्षांचं ओलं-सुकं खाऊनही पुसलं की तोंड दिसते. पण ह्यात एक मोठी मेख आहे अन् नवीन पान सोबत न्या म्हटलं ते ह्याच्यासाठीच. साठच्या दशकाच्या शेवटापर्यंत प्रीमियरचे काही ड्रम, १२, १४, १६ चे, अमेरिकन मापापेक्षा थोडे मोठे असायचे. टेपनं पाहिलं तं १४ च वाटते, पण आजचं १४ चं पान त्याच्यावर उतरतच नाही. ह्याची पानं वेगळी मागवावी लागतात, महाग पडतात, अन् मंडईच्या सीझनमध्ये पान फाटलं तं नागपूरलाही मिळणार नाही. म्हणून घेऊ नका असं नाही म्हणत. घेताना हे भावात धरा.

आता लाकडाचं, म्हणजे शेलचं. आपण तबल्याचं खोड म्हणतो तसं हे ड्रमचं खोड. पान, रिंगा, पेडल, स्टँड सगळं बदलता येते, खोड बदललं की ड्रमच दुसरा झाला. निम्मा वेळ इथं घाला.

दोन्ही पानं काढून टाका. विकणारा नाही म्हणाला, "कशाला खोलता, मंग बसवनार कोन?", तर गोडीत सांगा मीच बसवून देतो. तरीही नाही म्हणाला तं सौदा तिथंच संपवा. पानं निघाली की शेल रिकामा हातात धरून बोटाच्या गाठीनं ठोका, सगळीकडून. चांगलं लाकूड टणक एक सूर देते. कुठं भदभद किंवा फडफड ऐकू आली की तिथं प्लायचे थर सुटले आहेत. आपल्याकडं मे महिन्यात टिनाखाली काय तापते ते माहीतच आहे, त्याच्यानंतर लगेच पावसाळा, ह्या दोघांमध्ये डिंक टिकत नाही. बाकी ठिकाणच्या लोकांपेक्षा आपल्याला हे जास्त पाहावं लागते. वरखालची लाकडी पट्टी सुटली आहे का ते पोस्टकार्डाचा कोपरा घालून पाहा. कार्ड आत शिरलं तरी हरकत नाही, पट्टी सुटणं हा छोटा रोग, चांगला डिंक अन् क्लॅम्प लावून चांगला सुतार बसवून देते. थर सुटणं हा मोठा रोग. दोघांची गल्लत करू नका.

मग गोलाई. टेपनं चार दिशांनी व्यास घ्या. दोन-तीन मिलिमीटरचा फरक चालते. पाचाच्या वर गेला की पान कधीच सुरात बसणार नाही, कितीही की फिरवा. अन् शेलचं बाहेरचं माप पानाच्या मापापेक्षा थोडं कमी असलं पाहिजे, १४ इंच म्हणजे ३५५.६ मिलिमीटर तं शेल ३५२ च्या आसपास. नवीन पान वर ठेवून बोटानं फिरवा, सहज फिरलं पाहिजे. कुठं अडलं तं तिथं एक तर शेल वाकडा आहे नाहीतर वरचं रॅप, म्हणजे शेलवर चिकटवलेलं रंगीत आवरण, फुगलं आहे.

मग धार. ज्या कडेवर पान टेकते ती. घरवाल्या वहिनीला विचारून स्वयंपाकाच्या ओट्याचा कडप्पा रिकामा करून घ्या, सपाट असला पाहिजे, जोड नको, नाहीतर जाड काच. शेल त्याच्यावर पालथा ठेवा, आत टॉर्च लावून ठेवा, खिडकी लावा अन् खाली वाकून पाहा. कडेखालून उजेडाची बारीक रेघ एखाद्या जागी दिसली तं ठीक. बोट जाईल एवढा उजेड दिसला तं धार गेली. एक लक्षात ठेवा, जुन्या ड्रमची धार आजच्यासारखी टोकदार नसते, गोलसर असते. ती तशीच बनवलेली आहे, घासून गोल झाली असं समजून कोणाकडं नवीन कापायला देऊ नका. आवाजही जाते अन् किंमतही.

भोकं मोजा. लगाची, बॅजचं, टॉमच्या होल्डरची, पायांची, अन् मूळचा तारांचा खटका, आवाज दाबायचा मफलर किंवा सिंबलचा दांडा असेल तं त्यांची. ह्याच्यापलीकडं प्रत्येक भोक जास्तीचं. ते आतून मोजायचं, बाहेरून रॅप झाकते. जास्तीचं भोक म्हणजे ड्रम मेला असं नाही, वाजवायला काही फरक पडत नाही, पण संग्रहवाल्यांच्या भावातून तो ड्रम निघाला समजा.

उधई अन् भुंगा. उधई लागली तं मातीची रेघ दिसते, ती दिसली की परत या. भुंगा लागला तं टाचणीच्या डोक्याएवढी भोकं अन् खाली पिठासारखी भुकटी. ड्रम पांढऱ्या कागदावर ठेवून दोन थापा मारा. ताजी, पांढरट भुकटी पडली तं किडा अजून आत जेवून राहिला. असा ड्रम घरी आणला तं तो तुमचा दिवाणही खाईल.

रॅपची परीक्षा मला सगळ्यात आवडते. एक लग खोला. फक्त एक, पण जरूर खोला. जुन्या पांढऱ्या मोत्यासारख्या रॅपला पन्नास वर्षात चहासारखा पिवळेपणा येते, पण लगाखाली ऊन अन् धूर पोचत नाही, तिथं मूळचा रंग राहते, लगाच्या आकाराचा अगदी ठसा. असा ठसा दिसला की समजा रॅप अन् लग लग्न झाल्यापासून एकत्र आहेत. लगाखालीही तसंच पिवळं असेल तं लग नंतर हलवले आहेत. अन् सगळीकडं सारखाच कोरा रंग असेल तं रॅप नवा. अजून एक गंमत. फार जुनं रॅप सेल्युलॉइडचं असते अन् सेल्युलॉइडमध्ये कापूर असते. लगाखालच्या जागेवर अंगठा जोरात घासा, गरम झाला की वास घ्या, आरतीच्या ताटासारखा हलका वास आला तं माल जुना. आजच्या प्लास्टिकला हा वास येत नाही. पण काडी लावून पाहू नका, एका हुशार माणसाला मी लायटर काढताना पाहिलं आहे. सेल्युलॉइड कापरासारखंच भडकते.

लगाच्या आत स्प्रिंग असते, वाजवताना ती झणझणते, त्यात घाबरायचं नाही. लगाच्या धातूला चीर आहे का ते पाहा, विशेषतः स्क्रू शिरते त्या तोंडाशी. हे जस्ताच्या ओतकामाचे असतात, वेल्डिंग घेत नाहीत. प्रत्येक रॉड हातानं फिरवून पाहा, कीनं नाही, हातानं. अडला तं आटे खराब किंवा रॉड दुसऱ्या कंपनीचा ठोकून बसवलेला. एखादा लग कमी असला तं "मिळून जाते" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. जुन्या मॉडेलचा एक लग शोधायला माझे दोन सीझन गेले आहेत.

सिंबलचं थोडक्यात. पितळी पत्र्याची थाळी अन् काशाची थाळी ह्यात फरक कळला पाहिजे. चांगल्या सिंबलमध्ये ८० टक्के तांबं अन् २० टक्के कथील, ती नखानं टिचकी मारली तरी लांब गुणगुणते, पत्र्याची ठण् करून गप्प. झिल्जियन ह्या सिंबलच्या कंपनीचा शिक्का धातूत ठोकलेला असते, नुसता शाईचा असेल तं शंका घ्या. कडेवरून बोट फिरवा, चीर नखात अडकते. मधलं भोक लांबट झालं असेल तं ती सिंबल फार वर्षं लोखंडी दांड्यावर रबराशिवाय घासली आहे. चीर गेलेली सिंबल कापून छोटी करता येते हे खरं, पण ती कापलेलीच्याच भावात घ्यायची.

आता मागच्या उन्हाळ्यातलं सांगतो, पवनीकडच्या एका गावातलं. एका काकाजीची कधीकाळी ऑर्केस्ट्रा पार्टी होती. सपरीत सेट मांडून ठेवला होता, बास ड्रमला पुढचं पान नव्हतं अन् आत पोत्यावर कोंबडी अंड्यांवर बसून. काकाजी म्हणाले, "अमेरिकेचा हाये, बंबईच्या स्टुडिओतून आनला होता मी. सगळे मिळून तीस." काकाजी खोटं बोलत नव्हते, त्यांना ज्यानं विकला त्यानं तेच सांगितलं असन. कहाणी ऐकायची, मान हलवायची अन् ड्रम की काढायची. कहाणीचे पैसे द्यायचे नाहीत.

कोंबडीला हलवायला काकूंनी साफ नकार दिला, म्हणून बास ड्रम शेवटी पाहायचं ठरलं. टॉम पाहिले, आतून लालसर, तीन थर, पट्ट्या, जपानी. सुंदर निळं चकचकीत रॅप, काकाजींचा सगळ्यात जास्त जीव त्याच्यावर. खालचा मोठा टॉम १६ चा प्रीमियर निघाला, जुन्या मापाचा. त्याच्यावर तं पानही तबल्यासारखं चामड्याचं होतं, कोणीतरी चांभाराकडून बसवून घेतलेलं. अन् साईड ड्रम? "तो असाच न्या, फ्री मंधी, सडला हाये." वरचं पान फाटलेलं, आत खिळे अन् तारा ठेवलेल्या. सगळ्या क्रोमवर पांढरे फोड, पुरळ उठल्यासारखे.

मी चुंबक लावला. रिंगेला चिकटला, शेलला चिकटला नाही. परत लावला. नाहीच. लोखंडाच्या शेलवर गंज चढते तो लाल, तपकिरी. हे फोड पांढरे होते, म्हणजे खाली ॲल्युमिनियम अन् वर क्रोम. दहा लग, शेलच्या मधून एक उभारलेली रेघ गोल फिरलेली. धूळ पुसली तं निळा-ऑलिव्ह बॅज, कोपरे टोकदार. लुडविगचा सुप्राफोनिक, सत्तरच्या दशकातला. ह्या मॉडेलला हे फोड येतातच, ॲल्युमिनियमवर क्रोम नीट धरत नाही, त्याच्यानं आवाजाला काही होत नाही. अख्ख्या सपरीत सगळ्यात घाणेरडी दिसणारी वस्तू, अन् तिची एकटीची किंमत बाकी सगळ्यांच्या बेरजेपेक्षा जास्त.

इथं माझे मित्र म्हणतात की गप्प बसायचं होतं, फ्रीमध्ये घेऊन यायचं होतं. मला ते जमलं नाही. एक तर आपल्याला त्याच गावात पुढच्या मंडईला वाजवायला जायचं असते, दुसरं म्हणजे काकाजींनी त्याच ड्रमवर पोरीचं लग्न केलं होतं. मी सांगितलं, काकाजी, हा फ्री देऊ नका, हाच खरा आहे, बाकीचे पाच-सात हजाराचे. ते पाच मिनिटं काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले, "मंग बाकीचे तूच ठेव, हा मी ठेवतो." झालं! शेवटी दोन चहा अन् तासभर घासाघीस होऊन साईड ड्रम अन् प्रीमियरचा टॉम मी घेतला, निळे जपानी त्यांच्याकडेच राहिले. भाव सांगत नाही, घरी हे माहीत नाही.

साईड ड्रममध्ये अजून दोन जागा पाहायच्या असतात. खालची कड एकमेकांसमोर दोन ठिकाणी थोडी खोलगट असते, तिथून खालच्या पानाला लागून झणझणणाऱ्या तारा बसतात. ती मुद्दाम केलेली खोली आहे, त्याला खराबी समजू नका, कडप्प्यावर ठेवल्यावर तिथून उजेड दिसेलच. दुसरं म्हणजे तारा वरखाली करायचा खटका. तो दहा वेळा लावा काढा. सैल पडून आपोआप खाली येत असेल तं वाजवताना अर्ध्या गाण्यात तारा सुटतील. खटका मूळचा आहे का ते त्याच्या आजूबाजूच्या भोकांवरून कळते.

पैसे देताना इसार देऊन थांबू नका, इसार दिलेल्या सेटचे लग दुसऱ्या दिवशी बदललेले मी पाहिले आहेत. उचलायच्या दिवशीच पूर्ण द्या अन् एका कागदावर लिहून घ्या की कोणाकडून घेतला अन् त्याच्याकडं कुठून आला. शाळेचे, मंडळाचे, चर्चचे ड्रम कधी कधी एखादा माणूस परस्पर विकते, मग सगळं गाव तुमच्या दारात. एसटीच्या टपावर टाकायचा असेल तं प्रत्येक ड्रमच्या आत गोधडी कोंबा अन् रिंगा सैल करून ठेवा.

घरी आणल्यावर आठ दिवस काही करू नका. सावलीत, जमिनीपासून वर, कूलरच्या झोतापासून दूर ठेवा. नवीन पान चढवून लगेच कच्चून आवळू नका, दोन दिवस हलकं ठेवा, मग समोरासमोरचे रॉड अर्धा अर्धा फेरा देत वर न्या. माझ्या सुप्राफोनिकमधून काकाजींचे खिळे अजून निघतात, तिसऱ्यांदा झाडला तरी परवा वाजवताना एक खुळखुळला.